चोराचा पक्का जोड

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवताना राग येत नाही. चोरी झाली होती हे खरेच. पण जाताना चोराने घरमालकांची काळजीही घेतली होती. असा गुन्हा माझ्या पोलिसातल्या नोकरीत पुन्हा आला नाही.

नारायण पेठेतली एक पाच मजली इमारत. तळमजल्यावरच्या मीटरपासून घराघरांत वीज नेणाऱ्या तांब्याच्या जाड तारा जिन्याशेजारच्या बंद डक्टमधून वर गेल्या होत्या. एका घरी एसी बसवायचा होता. त्यासाठी आलेल्या माणसाने डक्टमधली तार सोलली, तर आत तांब्याऐवजी ॲल्युमिनियम. मग सगळ्याच तारा तपासल्या. खाली आणि वर तांब्याची टोके तेवढी शिल्लक होती. मधले तांबे कोणीतरी काढून नेऊन तिथे ॲल्युमिनियमची तार जोडली होती. घरांतले दिवे पूर्वीसारखेच लागत होते, त्यामुळे कोणाला पत्ता नव्हता.

सोसायटीचे सचिव फिर्याद द्यायला आले ते संशयित ठरवूनच.

"डक्टची एक किल्ली वॉचमनकडे असते. दुसरी माझ्या घरी, म्हणजे तिचा प्रश्नच नाही. वॉचमनकडे किल्ली आहे, झोप आहे, आणि जिन्याखालची फुकटची खोली आहे. आपल्याला आणखी काय पुरावा हवा?"

"तांबं हवं," मी म्हणालो.

वॉचमन मुळशीकडचा, पन्नाशीचा माणूस. बायको आणि मुलीसह त्या खोलीत राहत होता. कमिटीने त्याला खोली रिकामी करायला सांगितलेच होते. जबाब देताना तो हात जोडून उभा राहिला. बसवले तरी पुन्हा उठला.

"साहेब, किल्ली हाय माझ्याकडं. पर तारंतलं मला काय कळतंय? पोरीची बी.कॉम.ची शेवटची परीक्षा तोंडावर हाय. आता खोली गेली तर तिनं अभ्यास कुठं करायचा?"

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. तालुक्याच्या गावी एका गुरुजींनी मला पडवीत जागा आणि दिवा दिला, म्हणून मी परीक्षेला बसू शकलो. पण सहानुभूती म्हणजे पुरावा नव्हे. मी घटनास्थळ पंचनाम्याच्या वेळी विद्युत निरीक्षक कार्यालयातल्या अभियंता बाईंना बोलावून घेतले.

त्यांनी एक जोड उघडला. आत काळपट, चिकट पेस्ट होती. मी विचारले, "ही घाण कसली?"

"घाण नाही हो, औषध आहे ते," त्या हसल्या. "ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर थर धरतो. तांब्याशी नुसतं जोडलं आणि ओल लागली, तर जोड आणखी खराब होतो, तापतो, कधी पेटतोही. ह्याने तार घासून, पेस्ट भरून, दोन धातूंसाठीची खास नळी दाबून बसवलीय. ॲल्युमिनियमही तांब्यापेक्षा जाड घेतलंय. बहुतेक जण इतकं करत नाहीत."

वॉचमनच्या हातचे हे काम नव्हे, एवढे त्याच क्षणी कळले. पण करणारा कोण?

दोन दिवसांनी आमच्या हवालदारांच्या खबऱ्याने बातमी आणली. चोर तारेचे वेष्टण जाळून तांबे भंगारात आणतात. एक माणूस मात्र स्वच्छ सोलून आणतो. तो निघाला शनिवार पेठेतला एक वायरमन. चौकशीला बोलावले तर शांतपणे म्हणाला, "जुनं वायरिंग बदललं की मालक तांबं ठेव म्हणतात, साहेब. सोलून विकणं गुन्हा आहे का?"

गुन्हा नव्हता. तासभर तो ह्याच एका उत्तरावर अडून राहिला. आरडाओरडा करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे गप्प बसायची तयारी माणूस घरूनच करून येतो, म्हणून मी आवाज चढवला नाही. दुसऱ्या एका इमारतीतल्या जळालेल्या जोडाचा फोटो त्याच्यापुढे ठेवला. तिथे चोरी नव्हती. कोणाची तरी घाई होती.

"हा जोड तुमचा?"

त्याने फोटो उचलून उजेडात धरला. त्याचा चेहराच बदलला. "हा? कोरडाच पिळलाय की. साहेब, वर माणसं राहतात, असं काम मी करीन?"

"तुम्ही कसं करता, मला काय ठाऊक?"

"नारायण पेठेतला एकेक जोड उघडून बघा. पेस्ट भरलेली नसली तर..."

तो थांबला. हवालदारांनी लिहिणे थांबवले. नारायण पेठेचे नाव त्याच्यापुढे कोणी काढलेच नव्हते.

फोटो टेबलावर परत ठेवत तो म्हणाला, "चहा मिळेल का?"

चहा पिऊन त्याने सगळे सांगितले. गुरुवारी दुरुस्तीसाठी पेठेतली वीज दिवसभर बंद असते, त्या दिवशी तो काम करायचा. पंपाची तार तपासायची म्हणून किल्ली मागून घ्यायचा. कोणाकडून? सचिवांच्या घरून. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून पंचांसमक्ष, मोबाइलवर चित्रीकरण करत त्याच्या खोलीतून उरलेले तांबे जप्त केले. खटला उभा राहिला, त्याला शिक्षा झाली.

किल्लीची हकिकत ऐकून सचिवांनी वॉचमनला बोलावून घेतले. मग माझ्यासमोरच त्याला म्हणाले, "अहो, खोली सोडायची नाही. आणि परीक्षा होईपर्यंत मुलीला आमच्या गॅलरीत बसू द्या अभ्यासाला. जिन्यात फार वर्दळ असते." त्यांच्या तोंडून ह्याहून सरळ माफी निघणे शक्य नव्हते. वॉचमनला ती पोचली. त्या दिवशी तो पहिल्यांदा खुर्चीवर बसला.

त्या वायरमनची लबाडी खरी होती आणि हाताला लागलेले वळणही खरे होते. एकामुळे गुन्हा घडला, दुसऱ्यामुळे उघडकीला आला, आणि त्या दुसऱ्यामुळेच पाच मजल्यांवरची घरे सुखरूप राहिली. पुढे नवे फौजदार माझ्याबरोबर घटनास्थळी आले की तुटलेले कुलूप, विस्कटलेले कपाट मोजू लागत. मी त्यांना थांबवत असे. "तुटलेलं सगळ्यांनाच दिसतं. इथे नीट केलेलं काय आहे, ते आधी सांगा."