सरांच्या गोष्टींतले बाबाराव

सरांनी आपल्या गोष्टींत बाबारावांना अकरा वेळा मारलं. कधी साप चावून, कधी विहिरीत, एकदा वीज पडून. बाबाराव तेव्हा बहुतेक वेळा समोरच बसून तुरीच्या शेंगा सोलत असत.

सर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. बाबाराव उमरेडच्या विणकराघरचे, इतवारीत कापडाच्या दुकानात कामाला. सक्करदऱ्याच्या घरात दोघं एकत्र राहत. शेजारी त्यांना चुलतभाऊ म्हणत. चुलता कोणीच पाहिला नव्हता. मी तिथे पोळ्या करायला जात असे.

लिहिताना सरांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी माझी किराण्याची यादी हातात घेतली. "अक्षर छान आहे तुझं. कितवी शिकलीस?"

"चौथी."

"पुरे."

तेव्हापासून पोळ्या झाल्या की सर सांगत आणि मी लिहीत असे. पहिल्याच गोष्टीत दोन पुरुषांचं प्रेम होतं. मला लाज वाटली, मी 'मैत्री' लिहिलं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "मैत्री तर त्याची दूधवाल्याशीही होती. मी सांगितलं तेच लिही." मी लिहिलं. कागदाला काही झालं नाही.

सरांचं कपाट पुस्तकांनी भरलेलं होतं. ते म्हणत, "असे दोघं मी जन्मभर पुस्तकांत शोधले. सापडले तेव्हा एक मेलेला, नाहीतर त्याचं लग्न लावून दिलेलं." सरांना लग्न लावायला आवडत नसे, म्हणून ते मारत.

"काहून मारून राहिला गा मले?" बाबाराव विचारत.

"तो तू नाहीस."

"मफलर माहा, खोकला माहा, तंबाखूची डबी माही. मरतानीच फक्त मी नाही?"

"दोघं जेवले आणि झोपले, ही काय गोष्ट झाली? कोण छापेल?"

"मंग आपण इतकी वर्षं काय करून राहिलो?"

यावर सर चष्मा पुसत.

एकदा बाबाराव स्वयंपाकघरात आले. "एक डाव तरी मले जित्ता ठेव म्हण वं त्याले. मी सांगून थकलो." मी काय सांगणार? भाजी कोणती करू, हेसुद्धा मी दाराआडून विचारत असे.

पुढे दिवाळी अंकाला गोष्ट पाठवायची होती. सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे पक्की प्रत त्यांना तपासता येणार नव्हती. शेवटच्या पानावर तो माणूस तलावात बुडत होता. ते पान मी उतरवलंच नाही. आदल्या पानावर दोघं पिठलं-पोळी खाऊन झोपले होते. तिथेच खाली रेघ मारली आणि पाकीट चिकटवलं. अंक येईपर्यंत माझ्या पोळ्या करपत होत्या.

अंक आला. बाबारावांनी गोष्ट मोठ्यानं वाचली आणि ते थांबले.

"पुढे?" सर म्हणाले.

"पुढं काई नाही. जेवले अन् झोपले."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी परातीकडे पाहिलं.

"हे छापलं त्यांनी?"

"छापलं ना गा."

"शेवट कच्चा आहे," सर म्हणाले. मग चष्मा पुसून, "राहू दे."

बाबारावांनी तो अंक उशीखाली ठेवला.

त्याच हिवाळ्यात सर गेले. साधा सर्दी-ताप छातीत उतरला. गोष्टीत त्यांनी असलं मरण वापरलं नसतं. अग्नी पुतण्यानं दिला. बाबाराव मागे शेजाऱ्यांच्या रांगेत उभे होते.

घरी आल्यावर मला म्हणाले, "अकरा डाव मी मेलो, त्याले जमलं. तो एकच डाव मेला वं, तर मले जमून नाही राहिलं."

आता पोळ्या झाल्या की बाबाराव सांगतात आणि मी लिहिते. गोष्टीत दोघं शेंगा सोलतात, भांडतात, जेवतात, झोपतात. वही भरत आली आहे. काल मी विचारलं, "शेवट करायचा का?"

"नको," बाबाराव म्हणाले. "उद्या सकाळचा चहा लिही वं. त्याले साखर कमी."