चार घरी चार केक

गावात कुणाकडे मयत होवो, बाळंतपण होवो, नाहीतर कुणाचा पाय मोडो, व्हर्डेल क्रॉस्बीचा लोण्याचा केक दारात आलाच म्हणून समजा. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या त्या टीचभर गावात तिने उभा जन्म असाच निभावला. चार माणसांपुढे उभं राहून बोलायचं म्हटलं की मात्र बाई काहीतरी कारण काढून घरीच थांबायची.

यंदा ती वेळ आलीच. नवरा हॉइट अर्धांगाचा झटका येऊन चाकाच्या खुर्चीला खिळला. पुढच्या ओसरीला रॅम्प बांधल्याशिवाय इस्पितळ त्याला घरी सोडेना, आणि शुक्रवारपर्यंत रॅम्प नसला तर रवानगी दूरच्या शहरातल्या वृद्धाश्रमात. मागच्या दाराशी ओढा, तिकडून वाट नाही. पुढची बाजू जुन्या गल्लीवर, आणि त्या गल्लीत जुनी घरं जशीच्या तशी राखणाऱ्या गावच्या समितीला विचारल्याशिवाय घराला खिळासुद्धा ठोकायची सोय नाही.

"मला तिकडे पाठवू नकोस गं," हॉइट म्हणायचा. "तिथे गेलेला एकही माणूस परत आलेला मी बघितला नाही."

ते ऐकल्यापासून तिची झोप उडाली होती. मग बाईने काय करावं? अख्खं गाव करतं तेच. समितीत पाच जण, त्यातल्या चौघांच्या घरी ती स्वतः केक घेऊन गेली. "हॉइटचं जरा बघा हं," एवढंच म्हणाली. पाचवा गॅस्किन्स. त्याने एकदा चर्चच्या खिडक्या बदलू दिल्या नव्हत्या. त्या मेल्याला कसला केक!

समितीपुढच्या सुनावणीला ती रॅम्पचा नकाशा घेऊन उभी राहिली. समितीची अध्यक्षा ल्युसिल प्रुइट तिच्या शाळेतली मैत्रीण, तिच्याकडे बघून गालात हसली. तेवढ्याने व्हर्डेलला जरा धीर आला.

तोच गावाचा वकील उठला. गेल्या साली अर्जदाराबरोबर एक सभासद जेवला, म्हणून समितीचा निकाल कोर्टात उलटला होता. तेव्हापासून हा ताकही फुंकून पीत होता.

"सुनावणीआधी अर्जदार कुणाला भेटलेत का? कुणी काही घेतलंय?"

ल्युसिलने मान खाली घातली. "केक आणला होता तिने. अहो, ती नेहमीच आणते."

"खाल्लात?"

"दोन तुकडे उरलेत."

लोक हसले, वकील हसला नाही. "मग ज्यांनी ज्यांनी केक घेतला, त्यांना या अर्जापुरतं बाहेर बसावं लागेल."

ल्युसिल उठली. तिच्यामागून दुसरा, तिसरा, चौथा. व्हर्डेलला आधी काही उमगेचना. उमगलं तेव्हा ती लगबगीने पुढे झाली.

"मी परत घेऊन जाते ना ते केक," ती म्हणाली. "उरले असतील तेवढे."

टेबलाशी एकटा गॅस्किन्स उरला. त्याने नकाशा शेवटपर्यंत पाहिला. "कठडा लाकडी ठेवलात, चांगलं केलंत. माझा होकारच होता, व्हर्डेलबाई. पण निकालाला निदान तिघं लागतात. आता पुढच्या महिन्याच्या बैठकीत, बदली सभासद नेमून."

ती तडक इस्पितळात गेली. हॉइटने नर्सकडून दाढी करून घेतली होती, अंगात घरचा शर्ट होता. तिचा चेहरा बघून तो एका हाताने शर्टाची बटणं सोडू लागला, तेच तिला सोसवेना.

"शुक्रवारी तुझ्याबरोबर गाडीत मीपण बसणार," ती म्हणाली. "तिथेच राहीन तुझ्यापाशी."

"आणि संध्याकाळी तुला बाहेर काढतील तेव्हा?" हॉइटने विचारलं. तिने त्याचा धड हात दोन्ही हातांत घट्ट धरला.