कुसुमची भाषा मी सुधारली

मंडळी, आपलं हे घरोघर फिरणारं पत्र डोंबिवलीहून ठाण्याला पोहोचेपर्यंत आमच्या घरात तह झालेला असावा. सध्या मी खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालतोय.

आमची दहा वर्षांची कुसुम आणि तिची जवळच कोपर स्टेशनपाशी राहणारी मैत्रीण शांता यांनी एक भाषा बनवली आहे. तिच्यात अक्षरं फक्त मऊमऊ: ल, म, न, व अशी. कारण कुजबुज भिंतीपलीकडे जाता कामा नये! 'मिलू' म्हणजे मांजर, 'मिलूमिलू' म्हणजे पुष्कळ मांजरं.

आज दुपारी त्यांची वही माझ्या हाती लागली. वीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्याला स्वस्थ बसवतं का? अनेकवचनाला मी 'ट्' जोडला, कर्त्याला 'ठ्', आणि दोन्ही शेजारी आले की काय करायचं याचे अकरा नियम लिहून दिले.

पोरींनी एक वाक्य कुजबुजून पाहिलं. लगेच भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय गं, सुपाऱ्या फोडताय की काय?"

कुसुमनं वही माझ्यापुढे ठेवली. "बाबा, ही आता तुमची. तुम्हीच बोला." शांता खाऊ न घेताच घरी गेली.

आमची ही म्हणाली, "अहो, पोरींच्या भातुकलीत खरी चूल कशाला पेटवलीत?"

तेव्हापासून कुसुम माझ्याशी कुठल्याच भाषेत बोललेली नाही. माझे नियम खोडायला गेलो, तर पानच फाटलं.

मंडळी, तुमच्यापैकी कुणी आपल्या लेकीची माफी मागितली आहे का? काय म्हणालात तिला?