कठड्याचा सातवा खांब

“पंखा!”

डावा हात वर करून मावशींनी एवढा एकच शब्द उच्चारला की अंबडच्या आमच्या शेडमधले तिन्ही पंखे बंद व्हायचे. मे महिना असो, वरचा पत्रा तापून कडकडत असो, पंखे बंद. कुणी दार लोटायचं नाही, कुणी खाकरायचं नाही. मावशींच्या उजव्या हातातल्या चिमट्याला तिळाएवढा पितळी तुकडा असे. तो जहाजावर टेकला, गोंदात बसला आणि त्यांनी सोडलेला श्वास ऐकू आला की मग कुणीतरी बटण दाबायचं. शेडवर पाटी माझ्या नावाची आहे, याची मला तेवढ्या वेळापुरती स्वतःलाच आठवण करून द्यावी लागे.

नाशिकला समुद्र नाही, हे मला सांगायला येऊ नका. सगळे सांगून झाले आहेत. मी मूळचा द्राक्षांच्या लाकडी पेट्या ठोकणारा. पुठ्ठ्याचे खोके आले, पेट्या गेल्या. शेडमध्ये उरलं लाकूड, उरल्या करवती आणि उरलो मी. एका ओळखीच्याने जहाजांच्या नमुन्यांचं काम सुचवलं. हातभर-दोन हात लांबीची, काचेच्या पेटीत ठेवायची लाकडी जहाजं. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांना भेट देतात, मोठ्या कंपन्यांच्या दारात मांडतात, तुम्हीही कुठेतरी पाहिली असतील. मुंबईचा एक व्यापारी अशी जहाजं घेत असे. त्याला पहिल्यांदा फोन केला तेव्हा तो हसला. म्हणाला, “तुम्ही पेटीवाले ना? मग पेटी पाठवा, जहाज आम्ही दुसरीकडून घेऊ.”

ते वाक्य मी विसरलेलो नाही. पुढे त्याला मी सहा महिने पिडलं, नमुन्यावर नमुने पाठवले आणि काम मिळवलं, पण वाक्य विसरलो नाही.

सांगाडा, डेक, डोलकाठ्या मला जमल्या. पण जहाज खरं वाटतं ते पितळेमुळे. कठड्याचे खांब, नांगर, घंटा, दिवे. हे तुकडे इतके बारीक की बोटाला चिकटून घरी जातात. माझे कारागीर हातोडीचे. एकाचा खांब वाकडा बसे, दुसऱ्याच्या गोंदाचा पांढरा डाग पडे. मी ओरडून घसा बसवून घेतला, पण ओरडण्याने खांब सरळ होत नाही.

मावशी मला मखमलाबादच्या एका बागेत दिसल्या. द्राक्षाच्या घडांची विरळणी चालली होती. तुम्ही ते काम पाहिलं असेल तर कळेल. ज्वारीच्या दाण्याएवढ्या मण्यांच्या गच्च घडात बारीक कात्री घालायची आणि नेमका नको तो मणी काढायचा, शेजारच्याला धक्का न लावता. बाकीच्या बायका बोलत होत्या, हसत होत्या. या मात्र एका घडाखाली मान वर करून उभ्या, पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा. त्यांच्या कात्रीचा आवाजसुद्धा येत नव्हता. मी खिशातून कठड्याचा एक खांब काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

“हे काय? टाचणी मोडलीय का?”

“जहाजाचा खांब आहे. असे साठ-सत्तर एका ओळीत उभे करायचे.”

त्यांनी तो उन्हाकडे धरला. “लय गोड हाय,” म्हणाल्या.

मी घासाघीस करायला बसलो. आयुष्यभर तेच केलं आहे. पण त्या म्हणाल्या, “पगाराचं तुम्ही ठरवा शेठ, बाकीचं मी ठरवते.” मला वाटलं, जिंकलो. पहिल्याच आठवड्यात कळलं की सगळं त्या ‘बाकीच्यात’ होतं. उत्तरेच्या खिडकीखालची जागा माझ्या टेबलाची होती, ती त्यांची झाली. पंख्याचं तर सांगितलंच. पितळ चकचकीत करायला मी महागडं औषध आणलं होतं. ते त्यांनी हुंगून बाजूला सारलं आणि घरून चिंच आणली. चिंचेने घासलेला तुकडा कुणी उचलला की हातावर फटका. “चिवडा खाल्लेला हात हाय तुझा. त्या तेलावर गोंद धरल का?” हे ऐकणारा एकदा मी होतो.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. जहाजावरच्या एका निवृत्त होणाऱ्या कप्तानासाठी मोठं काम आलं होतं. त्यात दोन पितळी दिवे होते, प्रत्येकी गव्हाच्या दाण्याएवढे; रात्री समोरच्या जहाजाला आपली बाजू ओळखू यावी म्हणून लावतात ते. एकात हिरव्या काचेचा मणी, एकात लाल. नकाशा इंग्रजीत. तो वाचून मी सांगितलं, “मावशी, उजवीकडे हिरवा, डावीकडे लाल.” त्यांनी लावले. संध्याकाळी मी स्वतः पेटी ठोकली.

सकाळी टेम्पो दारात उभा. दुसऱ्या दिवशी मुंबईत कार्यक्रम. मावशी रिक्षातून उतरल्या आणि पिशवीही न ठेवता म्हणाल्या, “शेठ, पेटी उघडा.”

“का?”

“दिवे उलटे बसलेत.”

“कुणी सांगितलं?”

“गणपतीनं.”

मी टेम्पोवाल्याकडे पाहिलं, टेम्पोवाल्याने माझ्याकडे. मावशी शांतपणे सांगू लागल्या. सकाळी देव्हाऱ्यात फूल वाहताना त्यांचा हात थबकला होता. “उजव्या सोंडेचा गणपती म्हणतो, ती उजवी कुणाची? देवाची. आपली नाय. मी बोटीच्या तोंडासमोर बसून दिवे लावले. माझी उजवी ती बोटीची डावी.”

मी नकाशा उघडला. बाण पाहिले. त्यांचं बरोबर होतं. माझं डोकं फिरलं.

“मग काल डोकं कुठे होतं तुमचं?”

“तुमचं कुठं होतं? उजवी तुम्हीच सांगितली.”

“त्या मण्यांवर रंग मारून टाका वरच्यावर.”

“मण्याला रंग? मग उजेड कुठनं येईल?”

“उजेड येणारच नाहीये! आत दिवा नाही! काचेत बसणारं जहाज आहे मावशी, ते चालणार नाही!”

“नसंल चालत. पण चाललं तर धडकंल.”

टेम्पोवाला म्हणाला, “काका, निघायचं का? घाटात ट्रॅफिक लागतं.” पाठवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. वेळेत पोचलं नाही तर मात्र पुढचं काम नक्की गेलं असतं. मी पेटीवर हात ठेवून उभा राहिलो. आणि मला ते हसणं ऐकू आलं, पेटीवाले ना तुम्ही. मी पक्कड घेतली आणि स्वतः ठोकलेले खिळे स्वतः उपटले. माझा खिळा सहज निघत नाही. हाताला फोड आला.

मावशींनी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक एकेका दिव्याला टेकवलं. गोंद मऊ झाला. हिरवा निघाला. लाल निघाला आणि चिमट्यातून उडाला.

पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे असा तुकडा हरवला की एकच उपाय, जमिनीवर बॅटरी आडवी धरायची आणि सावल्या शोधायच्या. सगळी शेड गुडघ्यांवर आली. टेम्पोवालाही आला. मी टेबलाखाली डोकं घालून जगातल्या सगळ्यांना शिव्या घालत होतो. मावशी तेवढ्या जागच्या हलल्या नव्हत्या. बऱ्याच वेळाने आवाज आला, “माझ्याच निऱ्यांत बसलाय मेला.”

जहाज वेळेवर पोचलं. दोन दिवसांनी व्यापाऱ्याचा फोन आला. “कप्तानसाहेबांनी आधी दिवेच पाहिले. म्हणाले, दिवे बरोबर आहेत.” मी म्हटलं, ऐकू आलं नाही, परत सांगा. तो परत म्हणाला. आवाज तुटतोय, म्हटलं. त्याने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला होता. मावशींनी मान वर केली नाही. “बरोबर असणारच. त्यात फोन कशाला केला त्यांनी?”

अशी सात वर्षं गेली. आमच्या शेडमधून किती जहाजं समुद्राकाठच्या गावांना गेली! मावशींनी समुद्र पाहिला नव्हता. मी एकदा विचारलं, नेऊ का? त्या म्हणाल्या, “नको. मोठी बोट बघितली तर आपली बारकी वाटंल.”

मग त्या टेबलावरचा दिवा जवळ ओढून घेऊ लागल्या. चष्मा दोनदा बदलला. मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाले, उत्तम झालंय. असेलही, रस्ता ओलांडण्यापुरतं.

एका सकाळी मी नव्या जहाजाच्या कठड्यावरून नजर फिरवली. सातवा खांब केसभर पुढे झुकलेला. दुसऱ्या कुणाचा असता तर मी पत्रा डोक्यावर घेतला असता. मी पाहिलं आणि चहा प्यायला निघून गेलो.

दोन दिवसांनी मावशी खांबांच्या भोकांतून तार ओवत होत्या. सहा खांब तार सरळ गेली. सातव्याशी अडली. त्यांनी परत घातली, परत अडली. मग बोटाने चाचपलं.

“शेठ, हा तुम्ही बघितला होता?”

खोटं बोलावं असं फार वाटलं. “बघितला होता.”

“कधी?”

“परवा.”

“सगळ्यांवर ओरडता तुम्ही. दारातल्या कुत्र्यावर ओरडता. माझ्यावर नाय ओरडला.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं मावशी.”

“आणि आता काय वाटतंय?”

त्यांनी खांब काढला, चिंचेने पुसला, परत चिमट्यात धरला. मला शेजारी उभं केलं. “बघा आणि खरं सांगा.” मी सांगत गेलो. पुढे. अजून पुढे. नाही, केसभर मागे. आता. बसला.

त्यांनी चिमटा पुसून टेबलावर ठेवला आणि पिशवी उचलली.

मी घासाघीस केली. गाडी पाठवतो. अर्धा दिवस या. काही करू नका, नुसत्या बसा, बाकीच्यांना सांगा. “नुसतं बसायला मी काय शेडवरची पाटी हाय?” म्हणाल्या. आयुष्यात इतका वाईट सौदा माझा कधी झाला नाही. माणसं मालकाच्या ओरडण्याला कंटाळून काम सोडतात. या बाई मी ओरडलो नाही म्हणून सोडून गेल्या, आणि तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता दोन मुली पितळेचं काम करतात. चांगलं करतात, जहाजं परतून येत नाहीत. मी दोघींवर सारखाच ओरडतो, कुणाला सूट नाही. बाहेरचं कुणी आलं की मी कठड्याच्या रांगेला डोळा लावायला लावतो आणि सांगतो, ही रीत ज्यांनी घातली त्या बाई विरळणी करायच्या, आणि अशी नजर मुंबईत कुणाकडे नाही.

त्यांनी पिशवी उचलली त्या दुपारी मी दारापर्यंत गेलो होतो. मावशी रिक्षात बसल्या. रिक्षावाल्याने झटका देऊन गाडी काढली, पुढचं चाक खड्ड्यात आदळलं आणि त्या सीटवरून उडाल्या. तेव्हा माझा आवाज फुटला. “अरे ए! डोळे फुटले का तुझे? माणूस बसलंय मागे, बटाटे नाहीत!” सगळी गल्ली बाहेर आली.

रिक्षाच्या बाजूने मावशींचं डोकं बाहेर आलं. त्या हसत होत्या.

“आत्ता कसं!” म्हणाल्या, आणि रिक्षा वळणावरून गेली.