पूजा अर्धी, डबा भरलेला

वडील उचगावच्या फाउंड्रीत साचे भरायचे. छातीनं साथ सोडली, काम सुटलं, मग आई चार घरची भांडी घासायला लागली. घरात कॉलेजात गेलेलं कुणी नव्हतं. मी बी.एस्सी. नर्सिंग केलं ते गव्हाच्या डब्यावर पुस्तक ठेवून. त्यामुळं पुस्तकातलं सगळं आपल्याला येतं, असा माझा ताठा होता.

मनोरुग्ण वॉर्डात माझं पहिलंच वर्ष. मुरगूडचे एक कापड दुकानदार दाखल झाले, पन्नाशीचे, मॅनियाचा जोर. चार दिवस डोळ्याला डोळा नाही. तोंड थांबेना, पाय थांबेनात. समोरच्या पेशंटला निम्मं दुकान देऊन झालं होतं. मला म्हणाले, "सिस्टर, तुला मेट्रन केली जा. उद्यापास्नं चार्ज घे."

लिथियम चालू होतं. त्या गोळीवर माणसाच्या पोटात अन्नपाणी गेलं नाही तर ती अंगावर उलटते. माझ्या तक्त्यावर रोज तेच: जेवण नाही, पाणी गोळीपुरतं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर गोळी बंद आणि सलाईन. आणि या माणसाला सलाईन म्हणजे बांधून ठेवणं आलं.

त्यांची बायको शेजारीच बसलेली, मांडीवर भरलेला डबा.

"काकू, वाढत का नाही?"

"पूजा कुठं झालीया त्यांची?"

घर लिंगायत. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय खायचं-प्यायचं नाही, हा घरचा नेम; गोळीपुरत्या पाण्याची तेवढी सूट. आणि हे भस्म लावून, लिंग तळहातावर घेऊन बसायचे, अर्ध्यात कुणाचं तरी भांडण मिटवायला उठायचे. परत आंघोळ, परत सुरुवात. त्या सकाळपासून सात वेळा. चार दिवस मी भूक वाढवायच्या युक्त्या करतेय आणि डबा अडलाय इथं! बाईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"तुमच्या मठातल्या स्वामींना विचारा की, आजारी माणसाचं काय करायचं."

"त्यास्नी काय सांगू? हे माल आणायला सुरतेला गेल्यात, असं सांगितलंय गावात."

"बांधून ठेवल्यावर काय सांगणार मग?"

जरा जास्तच बोलले. बाई फोन घेऊन व्हरांड्यात गेल्या. आल्या त्या डोळे पुसत. "स्वामी म्हणाले, भस्म लाव आन् वाढ. बाकीचं बरा झाल्यावर करंल."

आता ताट मांडलं, तर हे बसेनात. मी भाकरीला चटणी लावून गुंडाळी केली आणि त्यांच्या हातात दिली.

"चालत खातंय व्हय कोण?" बाई माझ्यावरच उखडल्या.

"आज खाऊ द्या."

वॉर्डाला फेऱ्या घालत, भाषण करत त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. चार ग्लास ताक प्याले, वर मीठ कमी हाय म्हणाले.

सलाईन लागलं नाही, बांधावं लागलं नाही. तीन आठवड्यांनी ते घरी गेले. आमच्या वॉर्डात पेशंट दाखल करताना आता एक प्रश्न जास्तीचा विचारतात: जेवणाआधी घरचा काही नेम आहे का? तो फॉर्मवर मी घालायला लावला.