गयामावशीचं भूर्जाचं झाड

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी हिंगोलीत एका बागेत माळी होतो. समोरच्या गल्लीत गयामावशी आणि तिची सून शेवंता, दोघीच राहायच्या. मावशीचा मुलगा फौजेत होता. वर्षभरापूर्वीच्या लढाईत तो बेपत्ता झाला. मेला असं कुणी कळवलं नव्हतं. त्याच्या सोबत्यानं तिकडच्या बर्फाच्या डोंगरातून भूर्जाचं रोप आणून दिलं — ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, एकही पान नसलेली काडी. मावशीच्या घराला अंगण नव्हतं. मी ते बागेच्या कोपऱ्यात लावलं.

"हे जगलं तर माझं लेकरू जितं हाय," मावशी म्हणाली.

रोज ती स्वतःच्या वाट्यातलं कळशीभर पाणी आणून ठेवायची. आणि मी — ती कळशी माझ्या घरी न्यायचो. रोप वाळलं. आमच्या उन्हात ते तसंही टिकलं नसतं, असं मी कितीदा स्वतःला सांगितलं! पण पाणी तर मी घातलंच नव्हतं ना?

मग औंढ्याकडच्या डोंगरातून कांडोळाचं रोप उपटून आणलं आणि गुपचूप तिथं लावलं. कांडोळाची सालही पांढरी, कागदासारखी सुटणारी. लोक त्याला भुत्या म्हणतात.

"पालवी फुटली, मावशी," मी सांगितलं. ती तिथंच मातीत बसली आणि हसली.

झाड वाढलं. उन्हाळ्यात पानं झडली की दिवेलागणीला कोपऱ्यात कुणी उघडा माणूस उभा आहे असं वाटायचं. मावशी खोडाला कान लावायची. "बोलून राहिला," म्हणायची. एकदा ती गेल्यावर मीही कान लावला. साल कोमट होती. आत — श्वास ओढल्यासारखं काहीतरी. वारा तर पडलेला होता. मग कसला आवाज तो?

सहा वर्षांनी शेवंताचा भाऊ आखाडा बाळापूरहून तिला न्यायला आला. दुसरं स्थळ पाहिलं होतं. पंचविशीचीच होती ती. निघायच्या आधी बागेत आली.

"दादा, खरं सांगा. हे तेच झाड हाय ना? तेच असंल तर मी जात न्हाई."

तिच्याकडे बघत मी म्हणालो, "व्हय. तेच."

भाऊ एकटाच एसटीत बसला.

मावशी वारली. शेवंता त्या घरात एकटीच म्हातारी झाली. अजून कुंकू लावते. परवा रस्त्यात भेटली, माझा हात धरला.

"दादा, तुमी व्हते म्हणून मला कळलं, ते जिते हायेत."

मी पुन्हा मान डोलावली.