विहारात दादाला उभं केलं तेव्हा

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या नव्या लागल्या, पाणी मात्र टँकरनंच येत होतं. त्या दुष्काळात माझा थोरला भाऊ पोट धरून वाकायचा, ताट सरकवायचा, वाळत चालला होता. तालुक्याच्या डॉक्टरनं स्वादुपिंडाचा जुना आजार सांगितला आणि विचारलं, "पिता का?"

दादा नाही म्हणाला. मी मात्र त्या प्रश्नावरच विश्वास ठेवला.

मुरुडजवळच्या आमच्या गावात, विहारात, मी वंदना सांगायचो. एका रविवारी सगळ्यांचं पंचशील म्हणून झाल्यावर दादाला पुढं बोलावलं आणि दारू न पिण्याचं पाचवं शील एकट्याला म्हणायला लावलं. तो माझ्याकडं बघत म्हणाला. बाया कुजबुजल्या.

पुढं नांदेडच्या सर्जननं एक्स-रे उजेडाला धरला. स्वादुपिंडाच्या नळीत खडे होते. "दारूला न शिवलेल्यांनाही होतं हे," ते म्हणाले. पूर्वी सर्जन या दुखण्यावर स्वादुपिंडाचा तुकडा, कधी अख्खं स्वादुपिंडच काढत. मग साखरेचा आजार मागं लागायचा. कुणी दुखणं कळवणाऱ्या नसाच कापत. नंतर नळी उभी चिरून, खडे काढून, ती आतड्याला शिवायची रीत आली; दादाचंही तसंच करायचं होतं.

"म्हंजे काढून टाकणार न्हाई, वाट करून देणार," दादा म्हणाला. "करा. पर सही सोमवारी." मग माझ्याकडं वळला. "उद्या रविवार हाय. गावाला जा. टेबलावर मेलो तर दारुडा म्हणून नेतील मला."

"दादा, आधी ऑपरेशन..."

"आधी विहार."

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. "दादा पीत नाही. मी त्याच्यावर खोटा आळ घेतला."

एक म्हातारे म्हणाले, "बस खाली. घरचं घरात बोलावं."

"बाबा, त्याला हितंच उभं केलं होतं. हितंच बोलणार." मी बसलो नाही.

सोमवारी दादानं विचारलं, "समदे होते?"

"निम्मेच. टँकर आला होता."

"मग?"

"टँकरच्या रांगेत जाऊन पुन्हा सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आधी घागर सरकव."

हसताना त्याला कळ आली. ओठ आवळून त्यानं सही केली.

महिन्याभरानं तो भाकरी मागून खाऊ लागला. गावात दोघं-तिघं आजही म्हणतात, "पीत असंल थोडी." म्हणून हे छापायला देतोय. तो पीत नव्हता. खोटं मी बोललो होतो.